बेडकीच्या आसावरची चकती

मी एक जुनी दातेरी चकती आहे, आणि ज्या आसावर मला पहिल्या दिवशी बसवले त्यावरून मी आजवर उतरलेले नाही. दुकानात मला स्प्रॉकेट म्हणतात. मित्रांनो, तुमच्या सायकलच्या मागच्या चाकाला जी दातेरी चकती असते ना, ती माझी लहान बहीणच. फक्त माझे दाते जाड आहेत, आणि डांबरी रस्ता माझ्या नशिबी कधी आला नाही.

माझा जन्म पोलादाच्या पत्र्यातून झाला. एका यंत्राने मला गोल कापले, दुसऱ्याने माझ्या कडेला दाते पाडले. मग मला भट्टीत लालबुंद तापवून तेलात बुडवले. चर्र असा मोठा आवाज झाला आणि माझे दाते कायमचे कडक झाले. पुढे तेलकट कागदात गुंडाळून मला अंधाऱ्या फळीवर ठेवले. तिथे माझी एकच इच्छा होती, की कोणीतरी येऊन मला फिरवावे.

ती इच्छा पुरी झाली. मला एका बुटक्या, रुंद गाडीला जोडले. चार जाड चाके, मोटारसायकलसारखे हँडल आणि मागे सामान ठेवायला लोखंडी जाळी. अशी गाडी वाळू, खडक, चिखल, कुठेही जाते असे जाहिरातीत लिहिलेले असते. जाहिरात लिहिणाऱ्याने चिखल पाहिलेला नसतो.

आता आमच्या कामाची रीत ऐका. इंजिनाजवळ एक लहान चकती असते. तिला मी धाकटी म्हणते. ती पुढे, मी मागे, आणि आमच्यामध्ये साखळी. धाकटी फिरली की साखळी मला ओढते आणि मी चाकांना फिरवते. धाकटीला दाते कमी असले तर मला एकदा फिरवण्यासाठी तिला जास्त फेऱ्या माराव्या लागतात. मग गाडी हळू जाते, पण तिला ओढ भरपूर असते. धाकटीचे दाते वाढवले की गाडी पळू लागते, पण ओझे आले, चढ आला, की धापा टाकते. माझे दाते वाढवले किंवा कमी केले तर याच्या बरोबर उलटे होते. वेग हवा असेल तर ओढ सोडावी लागते, ओढ हवी असेल तर वेग. दोन्ही पोटभर कोणालाच मिळत नाही.

मला ज्या घरी आणले ते खाडीच्या तोंडाशी होते. ओहोटी लागली की तिथला समुद्र नजरेपार मागे सरकायचा आणि चिखलाचा नि वाळूचा विस्तीर्ण पट्टा उघडा पडायचा. त्या पट्ट्यात शिंपले असत. घरच्या सासूबाई तरुणपणापासून ते वेचत आल्या होत्या. दाताळ्याने चिखल ओढायचा, शिंपले निवडायचे, पोती भरायची, आणि लाकडी घसरगाडीवर ती पोती दोरीने ओढत किनाऱ्याला आणायची. आईची पाठ वाकत चालली हे पाहून मुलाने ही गाडी घेतली. त्याच हंगामात त्याचे लग्न झाले आणि त्याच हंगामात तो जहाजावर नोकरीला गेला.

"गाडी आणि बायको, दोघींना माझ्या दारात उभं केलं आणि साहेब निघाले," असे सासूबाई शेजारणींना सांगत. गाडीचे नाव त्यांनीच बेडकी ठेवले. सूनबाईचे नाव मात्र त्यांच्या तोंडून मी फारसे ऐकले नाही.

सूनबाई आतल्या गावची होती. समुद्र तिने लग्नानंतरच पाहिला. पण तिला स्कूटर चालवता यायची, म्हणून बेडकी तिच्या हाती आली. सासूबाईंना हँडल धरता येत नव्हते, पण चिखलातली प्रत्येक वाट त्यांना ठाऊक होती. कुठे जमीन घट्ट, कुठे वरून साय आणि खाली खड्डा, हे त्या रंगावरून सांगत. एकीला वाट माहीत, दुसरीला गाडी. एकीवाचून दुसरीचे पाऊल हलत नव्हते. सूनबाई पुढे बसे, सासूबाई मागे जाळीवर तोंड उलटे करून बसत, आणि दोघींच्या पाठी एकमेकींना टेकलेल्या असत. तेवढ्या जवळ असूनही त्या दिवसभरात चार शब्द बोलल्या तर पुष्कळ.

माझी जागा घराला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. भिंत पातळ, त्यामुळे घरातले सगळे मला ऐकू यायचे.

"मीठ कुठंय?"

"जिथं असतं तिथंच."

एवढे झाले की पुढे नुसता भांड्यांचा आवाज. एकदा सूनबाई शेडमध्ये येऊन नवऱ्याशी फोनवर बोलत होती. बोलता बोलता हळूच म्हणाली, "मी इथं अडकले रे." तो काय म्हणाला ते मला कळले नाही. पण तो शब्द मला कळला. माझ्या छातीतून चार बोल्ट आरपार गेले होते, डोक्यावर पत्र्याचे आवरण होते, पायाखाली खारट चिखल होता. मी फिरत होते खरी, पण एकाच जागी. अडकणे म्हणजे काय ते मला कोणी शिकवायला नको होते.

सुरुवातीला रोज परत आल्यावर मला गोड्या पाण्याने धुवत, साखळीला तेल देत. नंतर कामाचा रेटा वाढला. "उद्या धुऊ," असे म्हणत म्हणत खारे पाणी माझ्या नटांत मुरले आणि त्यांच्यावर गंजाची जाड साय धरली. लोखंडाला खारे पाणी म्हणजे न बोलणारा शत्रू. ओरडत नाही, मारत नाही, नुसता बसून राहतो आणि खातो.

मग एक दिवस दोघींनी बेडकीला कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे नेले. गाडी हळू चालते, चकती बदलून द्या, असे सूनबाईचे म्हणणे होते. त्याने आधी मलाच सोडवायला घेतले. पान्याने जोर लावला, हातोडी मारली, तेल सोडले, मग ज्योत लावून तापवले. मी मनात म्हणत होते, निघू दे, एकदा तरी मला बाहेरून ही गाडी पाहू दे. नट हलले नाहीत.

"ही आता आसाचीच झाली," तो घाम पुसत म्हणाला. "कापल्याशिवाय सुटणार नाही. मागची राहू दे, पुढची बदलू. तेवढ्यानंही फरक पडतो. बोला, वेग हवा की ओढ?"

"वेग," सूनबाई म्हणाली.

"ओढ," सासूबाई म्हणाल्या.

दोघी एकदमच बोलल्या होत्या. मेकॅनिक हसला. "वा! आता मधोमध कापून दोन गाड्या करू का?"

"मागच्या महिन्यात पाणी पार चाकाशी आलं होतं, आई," सूनबाई म्हणाली. "आपण रांगत होतो नुसत्या. वेग असता तर एवढी भीती वाटली नसती."

"पाणी मागून येतं, चिखल खालून येतो. पाण्याला पाठ दाखवून पळता येतं. चिखलाला पाठ दाखवता येत नाही."

"आणि माझी बसही चुकते."

"कसली बस?"

सूनबाईने मान खाली घातली. मग एका दमात सांगून टाकले. तालुक्याच्या गावात, दवाखान्याच्या शाळेत तिने नर्सच्या अभ्यासक्रमाला नाव घातले होते. दुपारचे वर्ग होते. ओहोटी सकाळची असली की ती चिखलातून परतून, अंग धुऊन, धावत बस गाठत होती. शेजारच्या काकूंकडे शिवण शिकायला जाते, असे तिने घरी सांगितले होते. नवऱ्याला माहीत होते. सासूबाईंना नव्हते.

मेकॅनिकने पाना उगाच पुसायला घेतला. सासूबाई थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणजे बघत कुठेतरी दुसरीकडेच होत्या, मी फक्त नजरेच्या वाटेत होते.

"घाल बाबा वेग," त्या शेवटी म्हणाल्या. "जायचंच आहे तर लवकर जाऊ दे."

अशी बेडकीला वेगाची चकती मिळाली. नव्या धाकटीला जुनीपेक्षा एकच दात जास्त होता. एका दाताने काय होते असे तुम्हाला वाटेल. पण कडक वाळूवर बेडकी जी पळाली, ती पळतच राहिली. वारा माझ्या दातांतून शिट्टी वाजवत जायचा. सूनबाईला हसताना मी तेव्हा प्रथम ऐकले. मागे सासूबाई जाळी घट्ट धरून बसलेल्या असत. घरात आता मिठाची चौकशीही होत नव्हती. सूनबाईने विचारण्याआधीच सासूबाईंनी मीठ ओट्यावर काढून ठेवलेले असे. ते पाहून सूनबाईला बरे वाटायचे की वाईट, हे भिंतीपलीकडून मला कळत नव्हते.

नव्या धाकटीचा आणि माझा स्वभाव जुळला, पण ओझ्याखाली ती दमायची. पोती भरली की साखळी ताणली जायची आणि इंजिन कण्हायचे. ते कण्हणे मी ऐकत होते, पण चकतीला तोंड नसते.

त्यानंतरची ती सकाळ. जवळच्या पट्ट्यातले शिंपले संपत आले होते, म्हणून दोघी लांबच्या पट्ट्यावर गेल्या. पोती भरायला वेळ लागला. त्याच दुपारी सूनबाईची परीक्षा होती. हे तिने घरात सांगितले नव्हते, पण आदल्या रात्री ती मोठ्याने पाठ करत होती, आणि भिंत पातळ होती हे मी सांगितलेच आहे.

परतताना मऊ चिखलाचा एक मोठा डाग मध्ये लागायचा. त्याला वळसा घालून यायचे असा रोजचा नियम. सूनबाईने हँडल वळवायला घेतले तेवढ्यात सासूबाईंनी मान वळवून पुढचा डाग पाहिला आणि मागून त्यांचा आवाज आला.

"सरळ घे."

"पण आई, तिथं तर..."

"या खेपेला घट्ट दिसतोय. वळसा घातलास तर बस जाईल. आज तुझी परीक्षा ना?"

सूनबाईने मागे वळून पाहिले. सासूबाईंची पाठच दिसली असेल. तिने सरळ घेतले.

अर्ध्यावर आलो आणि जमीन खचली. वरची साय फाटली, मागची चाके खाली गेली आणि मी आवरणासकट चिखलात बुडाले. सूनबाईने जोर दिला. धाकटी तडफडली, पण तिच्यात ओढच नव्हती. इंजिन गुदमरून बंद पडले. पुन्हा सुरू केले, पुन्हा बंद. प्रत्येक वेळी चाके अर्धवट फिरून आणखी खोल जात होती. साखळीत चिखल ठासून बसला. माझ्या दातांमधली प्रत्येक जागा भरली. मित्रांनो, मी लोखंडाची आहे, मला श्वास लागत नाही. तरीही तेव्हा मला गुदमरल्यासारखे झाले.

सासूबाई उतरून मागून ढकलायला गेल्या आणि त्यांचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. ओढायला गेल्या तर आणखी रुतला. लांबून एक बारीक सळसळ ऐकू येऊ लागली होती. भरती लागली होती.

"पाय ओढू नका, वर नका ओढू!" सूनबाई उडी मारून त्यांच्याजवळ आली आणि हाताने चिखल उपसू लागली. "बूट सोडा, आई. पाय बुटातून काढा."

"बूट नवे आहेत."

"पाय जुना आहे! तो परत मिळायचा नाही!"

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "हे बघ. तू जा. आपल्या चाकांच्या खुणा दिसतायत, त्यांच्यावरून मागं जा आणि वळशानं किनारा गाठ. तुझ्या पायात जोर आहे. बसही मिळेल."

"आणि तुम्ही?"

"माझं मी बघते. पाणी आलं की चिखल ढिला होतो."

"पाणी कुठवर आल्यावर?"

सासूबाईंनी नुसते किनाऱ्याकडे बोट दाखवले.

"नाही जात मी," सूनबाई म्हणाली.

"अगं, परीक्षा..."

"आई, आता तोंड बंद ठेवा आणि पायाची बोटं हलवा."

या सुरात त्या घरात कोणीच सासूबाईंशी कधी बोलले नव्हते. मला वाटले, आता आकाश कोसळणार. पण सासूबाईंनी खरोखरच तोंड बंद केले आणि बोटे हलवू लागल्या. सूनबाईने जाळीवरची बादली घेतली, जवळच्या ओघळातून पाणी आणले आणि पायाच्या कडेने आत ओतले. चिखल हाताने सारायचा, पाणी ओतायचे, पुन्हा सारायचा. पायाभोवती पाणी शिरले तशी चिखलाची पकड सुटत गेली. एकदम फस्स असा आवाज झाला आणि सासूबाई मागे बसल्या. पाय बाहेर, बूट आत.

"आता गाडी," सूनबाई म्हणाली.

"गाडी राहू दे."

"चालत तुम्हाला किती वेळ लागेल? एक पाय अनवाणी, गुडघा सुजलेला. गाडी नाही तर आपण दोघी नाही."

तिने व्हॉल्व्हची झाकणे काढून चाकांतली हवा सोडायला सुरुवात केली, म्हणजे टायर पसरट होऊन कमी रुततील. सासूबाई पाहत राहिल्या. मग त्यांनी कमरेचा चाकू काढला, जाळीवरचे पहिले पोते फाडले आणि सगळे शिंपले बेडकीच्या चाकांपुढे ओतले. सकाळपासून पाठ मोडून वेचलेले शिंपले. दुसरे पोते फाडले. तिसरे. रिकामी पोतीही चाकांखाली सारली. शेवटचे पोते सूनबाईने धरून ठेवले, म्हणाली, "हे तरी..." सासूबाईंनी तिच्या हातातून ते घेतले आणि ओतले.

पहिले पाणी तेव्हा माझ्यापर्यंत पोहोचले. थंडगार. ते साखळीत शिरले आणि ठासलेला चिखल थोडा सैल झाला.

सूनबाईने इंजिन सुरू केले आणि अगदी हळू जोर दिला. साखळी कडकड ताणली. माझ्या दातांवर एवढा भार पूर्वी कधी आला नव्हता. साखळी एकदा घसरली आणि माझ्या एका दाताचे टोक उडाले. पुढच्या दाताने तिला पकडले. शिंपले करकरले, फुटले, आणि चाकांना काहीतरी टणक लागले. बेडकी वीतभर सरकली. आणखी वीतभर. "थांबू नकोस!" सासूबाई ओरडल्या आणि चालत्या गाडीची जाळी पकडून, लंगडत, अंगाचे गाठोडे करून वर चढल्या.

कडक वाळू लागली तेव्हा पाणी आमच्या मागे चाकाच्या उंचीचे झाले होते. त्यानंतर बेडकी जी पळाली! तिथे तोच एक जास्तीचा दात उपयोगी पडला. टायर बसलेले, साखळी लटकलेली, पण आम्ही पाण्याच्या पुढे राहिलो.

किनाऱ्यावर दोघी वाळूत बसल्या. बस गेली होती. सूनबाई रडत होती आणि मधेच तिला हसू येत होते, कारण सासूबाईंच्या एका पायात बूट होता आणि दुसऱ्या पायात नुसता चिखल.

तो पाय वाळूत पुसत सासूबाईंनी विचारले, "ती परीक्षा पुन्हा कधी असते?"

दुसऱ्या दिवशी आम्ही मेकॅनिककडे. त्याने माझा तुटका दात पाहिला, साखळी पाहिली, आणि विचारले, "मग? वेग की ओढ?"

"ओढ," सूनबाई म्हणाली.

"वेग," सासूबाई म्हणाल्या.

मेकॅनिकने कपाळाला हात लावला. "मावशी, वहिनी, तुम्ही आधी घरी भांडून या."

"वेगामुळेच पाण्यातून सुटलो," सासूबाई म्हणाल्या.

"ओढ असती तर अडकलोच नसतो," सूनबाई म्हणाली.

मग सासूबाई थोडा विचार करून म्हणाल्या, "ओढ घाल. जी सगळ्यात वाईट जमीन आहे, तिच्या मापानं चकती घ्यायची. वेळ मी देते. दोन पोती कमी भरू, पण हिची बस चुकायला नको." हे म्हणताना त्यांनी सूनबाईचे नाव घेतले. मी ते आजवर जपून ठेवले आहे.

सूनबाईने परीक्षा पुन्हा दिली आणि ती पास झाली. आज ती तालुक्याच्या गावातल्या मोठ्या दवाखान्यात नर्स आहे, तिथेच राहते आणि सुट्टीला घरी येते. नवरा अजून जहाजावर आहे. सासूबाईंचे गुडघे आता चिखलात जाऊ देत नाहीत. आणि मी? मी अजून त्याच आसावर आहे. ते नट कोणी कापले नाहीत. बेडकी शेडमध्ये लाकडी ओंडक्यांवर उचलून ठेवली आहे, चाके अधांतरी. आता मला लांबचा पट्टा दिसत नाही, वारा लागत नाही. फटीतून भरतीचा आवाज येतो तेवढाच.

चिखलात अडकणे वाईट. पण ते अडकणे निदान सुटण्यासाठी धडपडते. शेडमधले अडकणे शांत असते आणि म्हणून जास्त खाते. पहिल्या वर्षी माझी साखळी आखडली, दातांवर तांबूस पूड धरली. मला वाटले, आपले संपले.

गेल्या आठवड्यात शेडचे दार उघडले. सूनबाई तेलाची डबी घेऊन आली, मागून काठी टेकत सासूबाई. त्यांनी खुर्ची मागितली आणि माझ्यासमोर बसल्या. सूनबाईने गोड्या पाण्याने मला धुतले, ब्रशने खरवडले, साखळीच्या कडी-कडीवर तेल सोडले आणि अधांतरी चाक हाताने फिरवायला घेतले. मी केवढ्याने किंचाळले!

"हळू," सासूबाई म्हणाल्या. "तिला सवय राहिली नाही."

"कुठं न्यायची आहे का हिला, आई?"

"कुठं न्यायची आता."

"मग किती वेळ फिरवू?"

"कुरकुर थांबेपर्यंत."

मित्रांनो, मला सोडवा असे मी म्हणत नाही. ज्याची जागा ठरलेली असते त्याला त्या जागीच जगावे लागते, आणि अशी माणसेही पुष्कळ असतात. माझे मागणे एवढेच आहे की तुमच्या घरी कोपऱ्यात जे कोणी असेल, सायकल असो, शिवणयंत्र असो की एखादे माणूस, त्याच्याकडे अधूनमधून जा. मीठ धुऊन काढा, दोन थेंब तेल घाला आणि हळूहळू फिरवा. पहिल्यांदा ते ओरडेल. घाबरून हात काढून घेऊ नका.